वाजवून घेतलेलं घर

आमच्या सासूबाई अकरा महिने तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या, म्हणून आम्ही घर बघायला लागलो. एरवी कोल्हापुरातलं दुकान आणि दुकानावरचं घर सोडून दुसरीकडं काही विकत घ्यावं, असं आमच्या ह्यांच्या डोक्यात या जन्मी आलं नसतं.

दुकान भांड्यांचं. खाली दुकान, त्यावर गोदाम, त्याच्यावर आणखी गोदाम आणि सगळ्यात वर, उरलेल्या जागेत, आम्ही. जिना लाकडी आणि इतका उभा, की धरायला वरून दोर सोडलेला. लग्न होऊन आले तेव्हा एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात शालूच्या निऱ्या धरून मी वर चढले होते. सासूबाईंनी वरूनच सांगितलं होतं, "सावकाश, पोरी. खालच्या दोन पायऱ्या हलत्यात." त्या दोन पायऱ्या दुरुस्त करायचं पुढं तेवीस वर्षं चाललं होतं. चोविसाव्या वर्षी सासूबाई त्यांच्यावरूनच घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघ्यांनी जिन्याशी संबंध तोडले ते कायमचे.

सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं आमच्या घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. अव्वांना घर लागायचं ते फक्त झोपायला. सकाळी सातला बाहेर पडायच्या, त्या देऊळ, मंडई, कुणाचं बारसं, कुणाचं दिवसकार्य असं करत जेवायच्या वेळेला परत. अशी बाई खिडकीत बसून राहिली. दोरीला बांधलेली पाटी खाली सोडून भाजी घ्यायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरून भाव करायच्या. आमच्याकडं आज काय शिजणार हे त्यामुळं आमच्याआधी गल्लीला कळायचं. उचलून खाली नेतो म्हटलं तर ऐकायच्या नाहीत.

"न्याच की चौघं जण मेल्यावर," म्हणायच्या. "आत्तापासनं कशाला सवय लावतासा?"

एका दुपारी मी शेंगा निवडत बसले होते. त्या खिडकीतून मागं न वळता म्हणाल्या, "मला माझ्या पायानं दारातनं भाईर पडायचंय गं. आणि काय मागत न्हाय मी." रडत नव्हत्या, तक्रारही नव्हती. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. ह्यांना मी सांगितलं, बैठं घर बघा, जिना नसलेलं, मग ते कुठंही असो.

ते वर्ष शतक संपायच्या जरासं अलीकडचं. कोल्हापुरातलं बैठं घर विकाऊ निघालं की बिल्डर तिथं आमच्याआधी चहा पिऊन बसलेला असायचा. म्हणून आम्ही गावाबाहेर निघालो. कागलला एक घर पाहिलं, ते हायवेला इतकं लागून, की मालक काय बोलतोय ते दोन ट्रकांच्या मधल्या वेळात ऐकून घ्यावं लागलं. पेठ वडगावचं घर चांगलं होतं, पण तिथल्या मालकानं आम्हाला गच्चीवर चढवून वर आलेल्या सळ्या दाखवल्या. "वर आणि दोन मजलं चढतील, काळजीच करू नगा," तो म्हणाला. आम्हाला मजले नकोच आहेत हे त्याला पटेना. त्याला वाटलं, आमच्याकडं पैसे नाहीत.

मग राधानगरीचं एक गिऱ्हाईक लग्नाची भांडी न्यायला आलं. त्यानं सांगितलं, गावाच्या वरच्या अंगाला, तळ्याकडं तोंड करून एक घर आहे, मालक धरणावर नोकरीला होता, आता मुलाकडं पुण्याला चाललाय. बैठं आहे. डोंगर आहे, तळं आहे, माणसंही बरी आहेत.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्यांचा सगळा जन्म भांडी वाजवण्यात गेलेला. बोटाच्या पेरानं टक् करून मारलं, की तांब्याला चीर आहे की नाही हे ते सांगतात. ही सवय दुकानापुरती राहिली नव्हती. ते कलिंगड वाजवायचे, दार वाजवायचे, डॉक्टरांचं टेबल वाजवायचे. मला बघायला आले होते तेव्हा त्यांनी चहाची बशी वाजवून पाहिली. माझ्या वडिलांना तो अपमान वाटला. मला हसू आलं आणि तिथंच लग्न ठरलं.

दुसरी सवय जास्त वाईट. माल आवडला हे तोंडावर दिसू द्यायचं नाही. आवडला, की नावं ठेवायला सुरुवात करायची. जितका जास्त आवडला तितकी जास्त नावं. समोरचा कंटाळून भाव पाडतो. आणि आपसात काही बोलायचं असेल तर कन्नडमध्ये, म्हणजे समोरच्याला कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडं असाच माल भरला गेला, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

अव्वांना खिडकीत ठेवून आम्ही दोघं व्हॅन करून राधानगरीला गेलो. मालक फाटकातच उभा होता. साठीचा, काळा, उंच, अंगात पांढरा सदरा. "या पावणं," म्हणाला आणि चहा येण्याआधीच घर दाखवायला निघाला. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढं सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर. कुठला दगड कधी आणला, कुठला वासा कुणी तासला, सगळं त्याला पाठ. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं बांधलेलं घर होतं ते. बाहेरून सोप्यात यायला एकच पायरी, तीही चार बोटं उंच.

ह्यांनी भिंत वाजवली. "जांभा हाय व्हय? जांभा पाणी धरतोय."

"तीस वरसं झाली, अजून धरलं न्हाय," मालक म्हणाला.

"आता धरंल मग."

मालक हसला. मग त्यानं मागचं दार उघडलं. परसात केळी होत्या, केळींच्या पलीकडं जमीन उतरत गेलेली आणि खाली एवढं मोठं तळं, त्याच्या काठापर्यंत आलेले डोंगर. मनात आलं, अव्वांना इथं आणून उभं करावं आणि आपण दोन पावलं मागं सरकावं.

"तळं लईच जवळ आलं," आमचे हे म्हणाले. "डास असतील."

"डास न्हाईत."

"मग साप असतील."

"साप हाईत," मालक प्रामाणिकपणे म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझी पाळी होती. स्वयंपाकघरात खिडकीतून ऊन असं येत होतं की मी डोळे बारीक केले होते, आणि तशा डोळ्यांनी मी म्हणाले, "हितं अंधारच वाटतोय जरा." या वाक्याची मला आजही लाज वाटते.

मालकाची बायको बारकी, गप्प बाई. ती चुलीपाशी कपात चहा ओतत होती. तिच्यासमोरच हे मला कन्नडमध्ये म्हणाले, "मनी छलो ऐती." म्हणजे, घर छान आहे. आणि पुढं, तेही कन्नडमध्येच, "तोंड जरा आणखी पाड." मी तोंड पाडलं. त्या बाईनं मान वर केली नाही, फक्त ह्यांच्या चहात साखर घालायची राहिली.

सोप्यात बसल्यावर मालकानं किंमत सांगितली. हे हसले. व्यापारी माणूस किंमत ऐकून जसा हसतो तसं, आवाज न करता आणि खांदे उडवत. मालकानं हातातला कप खाली ठेवला.

"पावणं," तो म्हणाला, "तुमास्नी भिंत पसंत न्हाय, तळं पसंत न्हाय, उजेड पसंत न्हाय. मग ऱ्हाऊ द्या की. ज्याला आवडंल त्याला देईन मी."

हे लगेच उठले. माझ्या कानाशी म्हणाले, "आला आता वाटेवर." आमच्या धंद्यात हा शेवटचा डाव. उठायचं, नमस्कार करायचा आणि चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला मागून हाक येते, 'अहो शेठ, बसा तरी, तुम्ही सांगा किती.' आम्ही तीन पावलं चाललो. मग सात. फाटकाशी ह्यांनी चप्पल काढून त्यातला नसलेला खडा झटकला. मी जास्वंदीचं झाड बघत उभी राहिले. हाक येईना. व्हॅनमध्ये बसल्यावर ह्यांनी ड्रायव्हरला गाडी सुरू करू नको म्हणून सांगितलं. मग वळणावरच्या टपरीत, जिथून घर दिसत होतं, आम्ही तीन-तीन चहा प्यालो. मालक केळींना पाणी घालत होता. एकदाही त्यानं रस्त्याकडं पाहिलं नाही.

"पक्का गडी हाय," हे कौतुकानं म्हणाले. मग आम्ही कोल्हापूरला परतलो.

दुकानाचं कार्ड त्याच्याकडं होतं, फोन नंबर होता. पहिला आठवडा फोन वाजला की हे म्हणायचे, "त्योच असणार." तो नसायचा. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणायचं बंद झाले, पण फोन स्वतः उचलायला लागले. आपण फोन करू या म्हटलं तर माझ्याकडं असं बघायचे, जसं काही मी दुकान फुकट वाटायला सांगितलंय. आधी बोलेल तो हरला, म्हणे. वर अव्वा रोज संध्याकाळी विचारायच्या, "काय झालं रं घराचं?" आणि हे रोज सांगायचे, "भाव चाललाय."

तिसऱ्या आठवड्यात मला राग आवरेना. नवऱ्याचा आला होता आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. एका सकाळी मी अव्वांच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. जांभा, डास, साप, माझा तो अंधार, टपरीवरचे चहा. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"तळं मागल्या दारातनं दिसतंय?"

"दिसतंय."

"दारातनं भाईर यायला पायऱ्या किती?"

"एकच. तीसुद्धा एवढीशी."

त्यांनी खिडकीतली पाटी आत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "उद्या मला खाली न्या."

वर्षभर नाही म्हणणाऱ्या बाईनं स्वतःहून सांगितलं. आमचे म्हातारे हमाल मामा जिना बघून गेले. मोठी कढई कशी उतरवतात तसंच करायचं, म्हणाले, पाठ आधी आणि तोंड वर. बुटक्या खुर्चीत अव्वांना बसवलं, कमरेशी धोतरानं बांधलं. मामा खालून, दुसरा हमाल वरून, आणि हे मधे नुसतेच "हळू, हळू" करत. पहिल्या पाच पायऱ्या अव्वांनी डोळे मिटून घेतले होते. गोदामाशी आल्यावर उघडले.

"ही पातेली कवापासनं पडल्यात हितं?"

"अव्वा, हलू नगासा," मामा म्हणाले. "कढईपेक्षा हलक्या हायसा, पर कढई बोलत न्हाय."

खाली सगळी गल्ली जमली होती. भाजीवालीनं तर कोथिंबिरीची जुडी अव्वांच्या मांडीवर ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. अव्वांनी जुडी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "खालनं पिवळी हाय." मग दोघीही हसल्या.

व्हॅनमध्ये हे सारखे अव्वांना पढवत होते. "तू काय बोलू नगंस. आवडलं तरी गप बस. मी बोलतो." अव्वा "व्हय" म्हणाल्या. इतक्या सहजी त्या ह्यांचं कधी ऐकत नसत, आमच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

फाटकाशी व्हॅन थांबली तसा मालक ओट्यावरून उठला. आम्हाला ओळखून त्याचं कपाळ आकसलं. मग ड्रायव्हर आणि मी म्हातारीला उतरवतोय हे त्यानं पाहिलं, आणि काही न विचारता पुढं येऊन त्यानं अव्वांचा हात धरला. अंगण नुकतं सारवलेलं होतं. अव्वांनी चपला काढल्या. अनवाणी पाय जमिनीवर टेकवले आणि थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग मालकाचा हात सोडून, काठी टेकत, एकट्या निघाल्या. ती एक पायरी चढल्या. सोपा, माजघर, स्वयंपाकघर. मागून आम्ही सगळे. मागच्या दारात जाऊन त्या थांबल्या. समोर तळं होतं.

ह्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं दाराची चौकट वाजवली.

"वाजवू नगंस," अव्वा मागं न बघता म्हणाल्या. "घर हाय ते, हंडा न्हाय."

मग त्या मालकाकडं वळल्या. "घर लई चांगलं हाय तुमचं. माझ्या पोराला आवडलंय, सुनंला बी आवडलंय. त्या दिशी दोघंबी तुमच्या तोंडावर खोटं बोलून गेली. आमच्यात माल घेताना असंच बोलत्यात. तुमास्नी वाईट वाटलं असंल, तर मी माफी मागते."

आमचे हे मटकन दारातच खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की किंमत कुठल्या कुठं चढली.

तेवढ्यात मालकाची बायको बोलली. मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. ती कन्नडमध्ये बोलत होती, अव्वांच्याच गावाकडच्या हेलात. म्हणाली, मला ठाऊक आहे, तुमच्या मुलानं त्या दिवशी इथंच उभं राहून 'मनी छलो ऐती' म्हटलं होतं, आणि बायकोला तोंड पाडायला सांगितलं होतं.

मी मान खाली घातली ती वर करवेना.

"मला हिनं त्याच सांजेला सांगितलं," मालक म्हणाला. "तवा आणखीच राग आला. ज्याला आवडलं न्हाय त्यानं नावं ठेवली तर ठेवू द्या. पर आवडूनशान नाक मुरडायचं? हे घर मी हातानं बांधलंय, पावणं. ज्याचा जीव बसंल त्याच्याच हातात देणार हुतो. आणि जीव बसलेलाच माणूस खोटं बोलाय लागला, तर काय करायचं माणसानं?"

ह्यांचा हात चौकटीकडं गेला आणि न वाजवताच मागं आला. मला आनंद झाला आणि दयाही आली.

पुढं फार काही बोलणं झालं नाही, कारण अव्वा आणि ती बाई चुलीपाशी बसून कुणाची लेक, कुठल्या गल्लीतली, कुणाला कुठं दिली हे शोधायला लागल्या होत्या. पाऊण तासात त्यांनी लांबचं एक नातं काढलंच. मालकाला कन्नड येत नव्हतं. तो बिचारा उठून फणस फोडायला गेला. परत आला तेव्हा त्यानं किंमत सांगितली, पहिल्यांदा सांगितली होती तीच. चढवली नाही आणि उतरवलीही नाही. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं. अव्वांनी नुसतं पाहिलं. ह्यांनी त्या तोंडात फणसाचा गरा घातला. जन्मात पहिल्यांदा सांगितलेल्या भावानं माल घेतला, त्यानंतर दोन दिवस त्यांना कणकण होती.

कागदपत्रं व्हायला दिवाळी आली; तोवर अव्वा पुन्हा खुर्चीतूनच वर जाऊन खिडकीत बसल्या. निघताना मालकानं मला कुठल्या खिडकीतून पावसाचे तुषार आत येतात, कुठलं कौल सरकतं, सगळं दाखवलं, आणि शेवटी केळींपाशी जाऊन पाठ करून उभा राहिला. त्याला पुण्यात मुलाकडं चौथ्या मजल्यावर राहायला जायचं होतं. आमची मुलगी लग्न होऊन गेली होती, म्हणून अव्वांबरोबर मी राहायचं आणि ह्यांनी शनिवारी येऊन सोमवारी जायचं असं ठरलं.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांड्यांची पोती सोडत होते. हे कौलं बघत होते. दहाच्या सुमाराला चहा घेऊन गेले तर अव्वांचं अंथरूण रिकामं. काठी नाही. पुढचं दार सताड उघडं. परसात नाहीत, अंगणात नाहीत. मी ह्यांना हाक मारली. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तळ्याच्या दिशेनं पळत सुटले, तसेच, बनियनवर. "अव्वा, अव्वा," असा त्यांचा आवाज खालून येत होता आणि तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. हौसेनं आणलं आणि पहिल्याच सकाळी घालवून बसलो, एवढंच माझ्या डोक्यात. मी वरच्या रस्त्यानं धावले.

चार घरं सोडून एका कट्ट्यावर तीन बायका बसलेल्या होत्या. चौथ्या अव्वा. हातात चहाची बशी, माझ्याकडं पाठ. मी कुंपणाच्या मागं थांबले, कारण मला माझं नाव ऐकू आलं.

"सून मनानं वाईट न्हाय," अव्वा सांगत होत्या, "पर हाताला चव न्हाय. आमटी म्हंजे निस्तं पाणी. आणि तोंड तर असलं हाय, काय सांगू तुमास्नी." एवढं म्हणून त्या शेजारच्या बाईच्या कानाकडं झुकल्या आणि आवाज खाली आणला.

अव्वा माझ्याबद्दल गल्लीत काय बोलतात हे मला चोवीस वर्षं कळत आलं होतं, आणि दर वेळी अंगाचा तिळपापड झाला होता. खिडकीत बसल्यापासून मात्र त्या माझ्याविरुद्ध कुणापाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. बोलणार तरी कशा? असलं बोलायला माणूस हाताच्या अंतरावर लागतं, खिडकीतून ओरडून सुनेला नावं ठेवता येत नाहीत. आज त्या आपल्या पायानं दारातून बाहेर पडल्या होत्या, न विचारता, न सांगता, आणि पहिलं काम हे केलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की तिथंच कुंपणाला धरून मी रडले.

हे धापा टाकत वर आले. त्यांनी अव्वांना पाहिलं, गुडघ्यांवर हात ठेवून दोन श्वास घेतले आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"थांबा की जरा," मी म्हटलं. "अजून माझ्या भाकरीचं व्हायचंय."